‘झालं याचं सुरू!’ – उत्तर येत असूनही वर्गात गप्प बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षातला एक मुलगा. सरांनी काही विचारलं की याचा हात वर जातो, कधीकधी हात वर व्हायच्या आधीच उत्तर बाहेर पडतं. मागच्या बाकांवरून ‘झालं याचं सुरू’ असं ऐकू येतं. फळ्यावरची चूक त्याने दाखवली तेव्हा वर्ग हसला, पण सरांना नाही, याला. प्रोजेक्टचे गट पडले तेव्हा त्याला कोणी आपणहून घेतलं नाही, सरांनी एका गटात घातलं. तो लिहितो, ‘मी कोणाला कमी लेखत नाही, मला फक्त उत्तरं येतात. मग मी बोलणंच बंद करू का?’

गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आधी शाळेत, मग कॉलेजात. तुझ्यासारखं एखादं तरी मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतंच. (वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.) आधी सरळ उत्तर देते: बोलणं बंद करू नकोस, पण आत्ता बोलतोयस तसंही चालू ठेवू नकोस. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘नम्र राहा’ म्हणून तुझं काही भलं होणार नाही. तो सल्ला तुला आधीच दहा जणांनी दिला असेल.

तू प्रश्न असा मांडलायस की जणू उत्तर येणं हाच गुन्हा झाला. तसं असतं तर प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक हुशार मुलाच्या वाट्याला हेच आलं असतं. तुझ्याच वर्गात बघ, परीक्षेच्या आदल्या दिवशी दहा जण ज्याच्याभोवती कोंडाळं करून बसतात असा कोणीतरी असेल. तोही हुशार आहे, कदाचित तुझ्याइतकाच. त्याला कोणी दीडशहाणा म्हणत नाही. त्याला येतं त्यातून इतरांना काहीतरी मिळतं. तुला येतं तेव्हा त्यांचं काहीतरी जातं. काय जातं, ते तुला दिसत नाही, कारण त्या क्षणी तुझी नजर सरांकडे असते. मी फळ्याच्या बाजूने बघते, मला दिसतं.

एक उदाहरण घेऊ. मी विचारते, ‘चालत्या वस्तूवरचं एकूण बल शून्य झालं तर वस्तूचं काय होईल?’ पहिल्या क्षणी बहुतेकांच्या मनात येतं, थांबेल. रोजचा अनुभवच तसा आहे, ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते. मग काहींच्या कपाळावर आठी येते: थांबण्यासाठी तरी बल लागेल ना? घर्षण धरलंय की नाही? इथे खरं शिकणं सुरू होतं. आणि नेमक्या त्याच वेळी पहिल्या बाकावरून आवाज येतो, ‘वेग तोच राहील, न्यूटनचा पहिला नियम!’ उत्तर शंभर टक्के बरोबर. पण ज्यांच्या कपाळावर आठी होती ती गेली, आणि आठीबरोबर विचारही गेला. दोन-तीन सेकंदांत ते स्वतः तिथे पोचले असते. आता त्यांच्या हातात तयार वाक्य आहे, आणि ‘मला आलं’ म्हणायची संधी गेलेली आहे.

तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलेली मुलं ही आहेत. मागच्या बाकावर उसासे टाकणारी नव्हेत. ही मधल्या रांगांतली, बऱ्यापैकी अभ्यास करणारी, पण तुझ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागणारी मुलं. ती तोंडावर काही बोलत नाहीत. फक्त महिनाभरात विचार करणं सोडून देतात, कारण कितीही केला तरी तू आधी असणारच. माझ्या मते तुझ्या वागण्याचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, आणि ते तुला कधीच ऐकू येणार नाही.

मागच्या बाकांचं गणित निराळं आहे. त्यांना तू हवा असतोस! तू बोलतोयस तोवर त्यांना कोणी उठवत नाही. डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कॉलेजातल्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चाळिसाच्या आतल्या वर्गांत साधारण चार ते सात विद्यार्थीच एकूण बोलण्यातला तीन चतुर्थांश भाग उचलतात, असं त्यांना दिसलं. त्यांचा यातला मुद्दा मला फार पटतो: बाकीचा वर्ग ही जबाबदारी न बोलता या मोजक्या जणांवर टाकून मोकळा होतो. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि सोयीचंही असतं. वर तेच लोक या बोलणाऱ्यांनी जरा लांबण लावली की वैतागतात. म्हणजे ‘झालं याचं सुरू’ म्हणणारा मुलगा तुझ्यावर चिडलेलाही आहे आणि तुझ्या आडोशाला निवांत बसलेलाही आहे. तू उद्या गप्प बसलास तर त्याची पंचाईत होईल. त्यामुळे त्या वाक्यातला अर्धा विखार तू खुशाल सोडून दे.

आता या खेळातला तिसरा गडी, शिक्षक. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात, प्रश्न पुन्हा म्हणतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं आपणहून बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. एका सेकंदात फक्त तूच उत्तर देऊ शकतोस. म्हणजे एक सेकंद थांबणाऱ्या शिक्षकाचा वर्ग तुझ्यासारख्यासाठीच बांधलेला असतो. शिवाय भाग संपवायचा असतो, घड्याळ पुढे सरकत असतं. तू मान डोलावलीस की ‘कळलं सगळ्यांना’ असं धरून पुढे जाता येतं. आजारी माणसांच्या खोलीत एकट्या निरोगी माणसाला थर्मामीटर लावण्यातला हा प्रकार. वर्गाला हे बरोबर कळतं: आपल्याला न समजताच पुढचा भाग सुरू झाला, आणि तो याच्यामुळे. यात तुझा दोष नाही, तरी बिल तुझ्या नावावर फाटतं.

मी माझ्या वर्गात हात वर करायला लावतच नाही. प्रश्न विचारते, सगळ्यांना वहीत एक ओळ लिहायला सांगते, बाकांमधून फिरते, आणि मग ज्याचं उत्तर चुकलंय पण मजेशीर चुकलंय त्याच्यापासून सुरुवात करते. पण हे शिक्षकाच्या हातात आहे, तुझ्या नाही, म्हणून ते इथेच सोडते.

फळ्यावरच्या चुकीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त दुखावलेला स्वर तिथे जाणवला. मुलं का हसली? मी तिथे नव्हते, पण असे प्रसंग खूप पाहिलेत. शिक्षकाची चूक कोणी काढली की वर्ग चूक बघत नाही, सूर बघतो. ‘सर, ते चुकलंय’ आणि ‘सर, तिसऱ्या ओळीत वजा येईल का?’ या दोन वाक्यांत माहिती एकच आहे. दुसऱ्यात सरांना स्वतः फळ्याकडे वळून बघायला जागा राहते. आणखी एक, तुझी शंका चुकीची निघाली तर तुलाही.

कुठली चूक सांगायची यालाही तारतम्य लागतं. सिद्धतेत चिन्ह चुकलं तर ते सगळ्यांच्या वहीत जाणार, शेवटचं उत्तर जुळणार नाही. तिथे लगेच बोल, वर्ग तुझे आभार मानेल, मनातल्या मनात का होईना. एखादा शब्द, एखादं साल इकडेतिकडे झालं असेल तर तास संपल्यावर जाऊन सांग. आणि तिसरा प्रकार म्हणजे ‘खरं तर’वाला. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी शिकवत असते, सावली आणि सूचीछिद्र कॅमेरा समजावत असते, आणि एक हात वर येतो: ‘पण खरं तर गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाश वाकतो.’ वाकतो, बाबा. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी ते मोजलंही गेलं. पण आज ज्यांना सावलीची आकृती काढता येत नाहीये, त्यांना त्या वाक्याने मिळालं काय? शिक्षकाने तो भाग अज्ञानामुळे गाळलेला नसतो, ठरवून बाजूला ठेवलेला असतो. अशा शंका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि तासानंतर घेऊन ये. मला तर त्या वेळी अशी मुलं आलेली फार आवडतात. काही शिक्षकांना कुठल्याच स्वरूपात चूक दाखवलेली खपत नाही. तिथे डोकं आपटत बसू नकोस, शेजाऱ्याच्या वहीतलं चिन्ह दुरुस्त कर आणि गप्प बस.

हे सगळं परिस्थितीवरही अवलंबून आहे, आणि तुझी परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही. तुमच्याकडे गुण एकमेकांच्या तुलनेत ठरत असतील तर तू पुढे जाणं म्हणजे बाकीच्यांनी मागे सरकणं, मग थोडी आकसाची भावना राहणारच. कितीही गोड बोललास तरी ती जाणार नाही. काही वर्गांत अभ्यास करणंच टिंगलीचा विषय असतो, तिथे प्रश्न तुझ्या बोलण्याचा उरत नाही, तुझ्यासारखी दोन माणसं शोधण्याचा होतो. तू मुलगी असतीस तर ‘आगाऊ’ हा शिक्का याहून बऱ्याच कमी बोलण्यावर बसला असता, हेही मी पाहिलंय. आणि काही मुलांना समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो कंटाळलाय की चिडलाय हे खरंच पटकन ओळखता येत नाही. तसं असेल तर अंदाज बांधण्यात दमून जाऊ नकोस, स्वतःपुरते साधे नियम ठरव आणि ते पाळ.

नियम म्हणजे कसे? पहिला मी असा करेन: दोन वेगळी माणसं बोलल्याशिवाय तिसरं उत्तर माझं नाही. सोपे प्रश्न तर सोडूनच दे, त्यांची उत्तरं देऊन तुला काय मिळतं? सगळे अडून बसले, सरांनी दुसऱ्यांदा विचारलं, वर्गात शांतता पसरली, तेव्हा हात वर कर. तीच उत्तरं, तोच मुलगा, पण त्या वेळी तू वर्गाला सोडवत असतोस. उत्तर देतानाही निष्कर्ष आधी फेकू नकोस. ‘मला आधी वाटलं थांबेल, मग वाटलं थांबवणार कोण’ असं वाटेसकट सांग. ज्याच्या कपाळावर आठी होती त्याला वाटतं, अरे, मीही इथपर्यंत आलो होतो.

‘सोपं आहे’ हे दोन शब्द पूर्ण बंद. तू ते दिलासा म्हणून म्हणत असशील. अर्धा तास अडलेल्या माणसाला ते वेगळंच ऐकू येतं: सोपं आहे आणि तरीही तुला येत नाही. तसंच, वर्गमित्राचं चुकलेलं उत्तर सरांच्या आधी दुरुस्त करायचं नाही. विचारलं असेल तरच. शिक्षकाने चूक दाखवणं हे त्याचं काम आहे, बरोबरीच्याने चारचौघांत दाखवणं हा अपमान असतो, कितीही हळू आवाजात दाखवलं तरी.

काही जण तुला सल्ला देतील की अधूनमधून मुद्दाम चूक कर, म्हणजे माणसांत आल्यासारखा वाटशील. याच्या मुळाशी एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांना एका प्रश्नमंजुषेतल्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या उमेदवाराने स्वतःच्या अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. बेताची उत्तरं देणाऱ्याच्या हातून तेच झालं तर तो आणखी नावडता झाला. पण ऐकणाऱ्यांसाठी ती कॉफी अपघाताने सांडलेली होती. तू ठरवून चुकलास तर रोज शेजारी बसणारी मुलं दुसऱ्याच दिवशी ओळखतील, आणि ‘आम्हाला खेळवतोय’ हा राग पहिल्यापेक्षा वाईट. खरी चूक होईल तेव्हा मात्र तिच्यावर पांघरूण घालू नकोस. ‘मी प्रश्न नीट वाचला नव्हता’ वगैरे स्पष्टीकरणं देऊ नकोस. ‘चुकलं’ म्हण आणि बस.

खरं न कळलेलं शोधायचा एक मार्ग आहे, आणि तो तुझ्याच फायद्याचा आहे. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, चेन कशी लागते, कुलूप कसं चालतं, फ्लशची टाकी कशी रिकामी होते, हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग पायरीपायरीने लिहून समजावायला सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचेच गुण कमी केले. वर्गात पटापट उत्तरं देणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला हे वारंवार दिसतं: नियमाचं नाव माहीत असतं, आणि नावावरच गाडी थांबते. ‘न्यूटनचा पहिला नियम’ म्हणणाऱ्याला मी विचारते, ‘मग वळणावर बस एकाच वेगाने जातेय, तिच्यावरचं एकूण बल शून्य आहे का?’ तिथे बरेच जण अडतात. (वेगाचा आकडा तोच असला तरी त्याची दिशा बदलतेय, म्हणून शून्य नाही.) घरी एखादा नियम कोऱ्या कागदावर, नाव न लिहिता, समजावून बघ. जिथे पेन थांबेल तो तुझा खरा प्रश्न. तो वर्गात विचार. उत्तरं सांगणारा मुलगा जेव्हा ‘मला इथे कळत नाहीये’ म्हणतो तेव्हा चार माना वर होतात, कारण त्यांनाही तिथेच कळलेलं नसतं आणि विचारायची लाज वाटत असते. तुझ्या हुशारीचा वर्गाला याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

पूर्ण गप्प का बसू नये, तेही सांगते. रोज बोलणारा एकदम बंद झाला की वर्ग त्याला ‘सुधारला’ म्हणत नाही, ‘भाव खातोय’ म्हणतो. सर विचारतात, ‘आज काय झालं?’ आणि सगळ्यांच्या नजरा पुन्हा तुझ्यावरच. शिवाय तुझंही नुकसान होतं. बोलून बघितल्याशिवाय आपलं कुठे चुकतंय हे तुझ्यासारख्याला कळत नाही.

मदत करण्याबद्दलही एक सावधगिरी. आता तू लोकप्रिय व्हायला म्हणून सगळ्यांना सबमिशनच्या वह्या उतरवून घ्यायला देशील, तर तसं करू नकोस. त्यातून मैत्री होत नाही, गर्दी होते, आणि परीक्षा संपली की तीही ओसरते. कोणी अडलं तर ‘कुठपर्यंत आलास?’ विचार आणि फक्त पुढची एक पायरी सांग. बाकीचं त्याला करू दे. वेळ लागेल, तुझ्या हाताला खाज सुटेल, पेन हिसकावून घ्यावंसं वाटेल. घेऊ नकोस.

राहिला प्रोजेक्टचा गट. तुला कोणी घेतलं नाही याचा अर्थ तू नकोसा आहेस असा तू लावलायस. कदाचित तसंच असेल, पण माझा अनुभव सांगतो की बऱ्याचदा कारण व्यावहारिक असतं: हा आला की सगळं हाच ठरवणार, आपण नुसती पानं चिकटवायची. तेव्हा पहिल्या बैठकीत विषय सुचवू नकोस, कामं वाटून झाली की उरलेलं घे, आणि शक्यतो तुला जे कमी जमतं ते घे. आकृत्या, मांडणी, तोंडी सादरीकरण, जे काही असेल ते. दुसऱ्याने लिहिलेला भाग तुला सुमार वाटेल. आशय चुकीचा नसेल तर त्याला हात लावू नकोस, भाषा त्याचीच राहू दे. व्हायवात परीक्षकाने त्या भागावर प्रश्न विचारला तर ज्याने लिहिलंय त्याला बोलू दे, तो अडखळला तरी. परीक्षकाने तुझ्याकडे पाहून विचारलं तर ‘हा भाग याने केलाय’ म्हणून त्याच्याकडे बोट कर.

आणि प्रकरण उसाशांच्या पुढे गेलं असेल, म्हणजे ग्रुपवर तुझ्या नावाने काहीबाही टाकणं, प्रॅक्टिकलला कोणी जोडीला उभं न राहणं, वस्तू लपवणं, तर वरचं काहीही त्यावर उपाय नाही. तो त्रास आहे, आणि तुझ्या बोलण्याच्या सवयीने त्याचं समर्थन होत नाही. तेव्हा वर्गशिक्षकांकडे जा. ‘मुलं मला त्रास देतात’ असं मोघम सांगू नकोस. कोणत्या दिवशी, कोणी, काय केलं हे चार ओळींत लिहून घेऊन जा, आणि ग्रुपवरचे मेसेज कोणी पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव.